दोन लाख अकरा हजार

मिसेस ओस्त्रोव्स्कींनी त्या दिवशी दोन माणसांना एकाच वेळी बोलावून ठेवलं होतं. मला त्यांच्या कुत्र्यासाठी आणि लोवेलला त्यांच्या पियानोसाठी. बाहेर पाऊस लागला होता, टोलेडोत एप्रिलमध्ये लागतो तसा. जोर नाही, पण थांबायचं नावही नाही. मी ओले बूट दाराशी काढून मोज्यांवरच आत गेले, तर एक उंच माणूस पियानोत डोकं घालून उभा होता आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवत होता. टंग... टंग... टंग...

कुत्र्याचं नाव बिशप, वय चौदा. तो पियानोखाली झोपला होता आणि तिथून उठायची त्याची तयारी नव्हती. म्हणून मीच पियानोखाली शिरले. त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला.

टंग.

"अहो," मी खालून म्हणाले, "दोन मिनिटं थांबाल का? मला हृदय ऐकायचंय."

आवाज थांबला. मग वरून एक चेहरा खाली आला — उलटा, कपाळावर धूळ लागलेला.

"कुणाचं?"

"कुत्र्याचं."

"असं होय... क्षणभर आशा वाटली होती."

मी स्टेथोस्कोप पुन्हा टेकवला. उत्तर देण्याजोगं वाक्य नव्हतं ते. पण बिशपचे ठोके मोजताना माझा आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं, हे खरं.

काम संपवून मी बाहेर आले तेव्हा तोही पायऱ्यांवर पाऊस उणावायची वाट बघत उभा होता. हातात हत्यारांची पेटी.

"कसा आहे पेशंट?"

"हृदय मोठं झालंय. गोळ्यांवर वर्षभर निघेल."

"पियानोचंही तसंच," तो म्हणाला. "फक्त त्याला गोळ्या नाहीत. कॉफी घेणार? मी लोवेल."

"केल्सी. पण फक्त कॉफी."

समोरच्या कोपऱ्यावर एक लहानसं हॉटेल होतं. आम्ही दोघांनी कॉफी मागवली, आणि दोघांनीही भूक नाही म्हणून सांगितलं. मग काचेआडच्या चेरी पायकडे, त्या चेरी भरलेल्या गोड पदार्थाकडे, दोघंही बघत बसलो. शेवटी एकच तुकडा आणि दोन काटे मागवले. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "बिल एकत्र?"

"वेगवेगळं," आम्ही एकदमच म्हणालो.

तो हसायला लागला. "शिक्षणाचं कर्ज?"

"तुम्हालाही?"

"संगीत शिकलेल्या माणसाला हे विचारतात होय?" त्यानं पेन्सिल काढली, कागदी रुमालावर एक आकडा लिहिला आणि माझ्याकडे सरकवला. अठ्ठावन्न हजार डॉलर. "आता तुमचा."

मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. आईलासुद्धा अर्धाच सांगितला होता. पण पाऊस पडत होता, चेरी पाय छान होता, आणि हा माणूस मला परत भेटणार नव्हता असं मी धरून चालले होते. मी लिहिलं : दोन लाख अकरा हजार.

त्यानं तो आकडा बराच वेळ बघितला.

"एखादं शून्य चुकून जास्त पडलंय का?"

"नाही."

"गुराढोरांचे डॉक्टर इतके महाग असतात?"

"व्हायला महाग. झाल्यावर स्वस्त."

पुढच्या गुरुवारी तो दवाखान्यात आला. त्याच्याकडे कुठलंही जनावर नव्हतं. "माझ्याकडे जनावर नाही," तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "पण मला डॉक्टरांना दाखवायचंय."

वर्षभरात आम्ही एकत्र राहायला लागलो. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर हवेच्या पंपाचा आवाज, वर आमच्या घेवड्याच्या सुपाचा वास. सहा महिने आम्ही जवळजवळ तेच सूप खाल्लं. एकमेकांचे केस आम्हीच कापायचो. लोवेल शनिवारी चर्चमध्ये लग्नांना ऑर्गन वाजवायचा, पंच्याहत्तर डॉलर आणि कागदात बांधलेला केकचा तुकडा घेऊन यायचा. कुणाचं लग्न झालं ते आम्हाला केकवरून कळायचं.

दुसऱ्या शरदात तो माझे केस कापत होता. मी स्टुलावर, खांद्याभोवती टॉवेल.

"केल्सी... लग्न करूया का?"

"केस काप."

"कापतोच आहे. लग्न करूया का?"

"कर्ज फिटल्यावर."

कात्री थांबली. तो मनात हिशेब करत असावा. "तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा असेन."

"मग दाढी ठेव. शोभेल."

तो हसला, मीही हसले. कारणही मी त्याला व्यवस्थित दिलं : लग्न झालं की माझा हप्ता दोघांच्या मिळून कमाईवर बसणार, म्हणजे वाढणार. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण माझ्या आईपाशी होतं. माझे वडील गेले तेव्हा मागे एक मोटारबोट ठेवून गेले. कर्जावर घेतलेली, आईची सही असलेली. त्या बोटीत आई कधी बसली नव्हती. अकरा वर्षं ती हप्ते भरत होती. माझ्या नावाचं ओझं मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकणार नव्हते, आणि लोवेलच्या तर नाहीच. हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काहीतरी गोड उत्तर दिलं असतं, आणि मग मला विचार करावा लागला असता.

मग सरकारी योजनेचं कळलं. जिथे गुरांचे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, आणि सरकार कर्जातले पंच्याहत्तर हजार भरणार. मी अर्ज केला. लोवेलला बोलले नाही, कारण निवड होईल असं वाटलं नव्हतं. निवड झाली. पत्र त्याच्याच हातात पडलं.

"नेब्रास्का," तो म्हणाला. "पश्चिम टोक. हे कधी ठरलं?"

"फेब्रुवारीत अर्ज केला होता."

"आता जून आहे."

"मला माहितीये कितवा महिना आहे ते."

"या घरातले चमचेसुद्धा आपल्या दोघांचे आहेत. आणि कर्ज तेवढं तुझं?"

"हो."

"मग मी कोण?"

मी मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते. सगळ्या जोड्या लागल्या तेव्हा मी त्या सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या. तो उठून खाली गेला आणि टायरवाल्याशी बोलत बसला, अंधार पडेपर्यंत.

त्याला माझ्याबरोबर येता येणार नव्हतं. पियानो लावणाऱ्याची कमाई म्हणजे त्याला ओळखणारी माणसं, आणि टोलेडोत पाच वर्षांत त्यानं दोनशे घरं जोडली होती. निघायच्या सकाळी त्यानं माझ्या गाडीच्या चारही चाकांची हवा तपासली, मागच्या सीटवर सँडविचची पिशवी ठेवली.

"तीन वर्षं," तो म्हणाला.

"तीन वर्षं."

नातं तोडतोय असं कुणी म्हटलं नाही. टिकवतोय असंही नाही.

नेब्रास्कात वारा होता, गाई होत्या, आणि मग आणखी वारा. मला काम आवडलं. दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. आधी तासभर, मग अर्धा तास, मग हवापाणी आणि "ठीक आहेस ना". डिसेंबरात एक रविवार त्याचा राहून गेला, जानेवारीत एक माझा. मी रडले वगैरे नाही. पण दुकानात गेले की घेवड्याच्या डब्यांच्या रांगेतून जायचं मी टाळत होते.

मार्चमध्ये अर्लीन कोस्टरच्या रँचवरून बोलावणं आलं. अर्लीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीनशे गाई, आणि हाताखाली फक्त एक जावई. एक कालवड अडली होती. वासरू आडवं आलं होतं. दोन तास लागले, पण दोघंही जगली. मग अर्लीननं मला स्वयंपाकघरात बसवलं, समोर चिलीचा, म्हणजे तिखट मांसरश्श्याचा, वाडगा ठेवला आणि शेजारी दालचिनीचा रोल.

"खा पोरी. आणि सांग, कुणी आहे का तुझं?"

"आहे. टोलेडोत."

"मग तो तिकडे काय करतोय?"

मी थकले होते. अंगाला गाईच्या वारेचा वास येत होता. अशा वेळी माणूस खरं बोलतं. मी कर्जाचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं, आणि आजवर कुणाला न सांगितलेलं बोटीचंही सांगितलं.

अर्लीन इतकी हसली की तिची कॉफी बशीत सांडली.

"अगं, मी जन्मले त्या दिवशीही या घरावर बँकेचं कर्ज होतं. दर वसंतात घ्यायचं, दर शरदात फेडायचं. नाही जमलं तर बँकेत जाऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसायचं. कर्ज फिटायची वाट बघितली असती ना, तर मी आजही कुमारिका असते!"

"आणि तुमचे यजमान गेले तेव्हा?"

ती हसायची थांबली. बशीतली कॉफी परत कपात ओतत म्हणाली, "तेव्हा कर्ज मागे राहिलं, आणि त्याचे बूट राहिले. कर्जाचं काही वाटलं नाही. बूट मात्र दोन वर्षं उचलवले नाहीत."

बाहेरच्या खोलीत एक पियानो दिसत होता. वर फोटो, औषधाच्या बाटल्या, एक खोगीर. जाता जाता मी विचारलं, "हा कोण लावतं?"

"लावणारा वारला. नऊ वर्षं झाली. या जिल्ह्यात आता कुणी नाही. चर्चमधला तर ऐकवत नाही, आम्ही आपले मोठ्यानं गातो."

अंगणात वाऱ्याला पाठ करून मी फोन लावला. बुधवार होता. आमचा वार नव्हता तो. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"लोवेल, इथे नऊ वर्षांत कुणी पियानो लावलेला नाही."

"...कुठे?"

"अख्ख्या जिल्ह्यात."

मग तो सावकाश म्हणाला, "तू मला कामाचं सांगतेयस, की..."

"लग्नाचं सांगतेय."

फोन लागलेला आहे ना, हे मी दोनदा बघितलं.

"हप्ता वाढेल," तो म्हणाला.

"एकशे नव्वदनं. मी हिशेब केलाय."

"केव्हा?"

"आत्ता. अंगणात." मग मी बोटीचं सांगितलं, एका दमात, मध्ये न थांबता. बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिथल्या वाऱ्यात ते सगळ्यांच्याच डोळ्यांत असतं.

"मला विचार करायला वेळ दे," लोवेल म्हणाला.

हे मी धरलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी विचारायचाच अवकाश आहे. त्यानं अकरा दिवस घेतले. त्या अकरा दिवसांत मी चोवीस वासरं बाहेर काढली आणि एकदाही फोन केला नाही. तेवढी लाज मला होती. त्यालाही मी जूनपर्यंत काही कळू दिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी दवाखान्यासमोर त्याची व्हॅन उभी होती. समोरच्या काचेवर चौदाशे मैलांची तरी वाटेल अशी घाण. तो उतरला. बारीक झाला होता. केस कुठल्यातरी न्हाव्यानं कापले होते, आणि वाईट कापले होते.

"एक अट आहे," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"बोल."

"कर्ज आपलं. तुझं नाही, माझं नाही. आणि पुन्हा फेब्रुवारीतलं मला जूनमध्ये कळता कामा नये."

"तुझे अठ्ठावन्न हजारही आपले?"

"एकेचाळीस राहिलेत. कष्टानं खाली आणलेत, जरा आदरानं बोल."

मी त्याच्याकडे चालत गेले. माझ्या हातांवर गाई तपासायचे, खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे मळके हातमोजे होते, त्यामुळे मिठी मारणं शक्य नव्हतं. मी कपाळ तेवढं त्याच्या छातीला टेकवलं. ठोके जोरात होते. या वेळी मी मोजले नाहीत.

पुढच्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही कोर्टात लग्न केलं. साक्षीला अर्लीन आणि तिचा जावई. त्यानंतर मला एकशे साठ गाईंची गाभण तपासणी होती. लोवेलनं लग्नाच्या शर्टावरच फाटक धरलं, आणि संध्याकाळपर्यंत तो शर्ट फेकून देण्याजोगा झाला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. आम्ही हप्ते भरले. मी योजनेचा करार आणखी दोनदा वाढवून घेतला. लोवेलनं सहा जिल्ह्यांतले पियानो लावले, कधी पैशांत, कधी अर्ध्या गाईच्या मांसात. एक वर्ष व्हॅन बंद पडली, एक वर्ष माझं मनगट मोडलं, आणि त्या दोन्ही वर्षी कर्ज तसूभर हललं नाही. पाचव्या वर्षी मुलगी झाली. कर्ज असतानाच झाली. भांडणं झाली, बहुतेक किराण्यावरून. पण "तुझं कर्ज" हे शब्द लोवेलच्या तोंडून कधी आले नाहीत. एकदा रागात माझ्याच तोंडून आले. तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचंच बरोबर होतं.

नवव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, शेवटचा हप्ता गेला. मी दवाखान्यातून बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. बाहेर एक माणूस मांजर घेऊन थांबला होता, म्हणून मी मांजर बघितलं.

संध्याकाळी आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. तिकडे क्वचितच येतो तसा शांत पाऊस आला होता, वाऱ्याशिवाय. मुलगी आत झोपली होती. त्यानं पुन्हा एकदा माझ्या फोनवर ते शून्य बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

"फिटलं की गं," तो म्हणाला. मग कोपरानं मला हलकेच ढकललं. "आता तुला माझी गरज काय?"

"गरज तेव्हाही नव्हती," मी म्हणाले.

तो वळून माझ्याकडे बघायला लागला.

"हवा होतास."

लोवेलनं तोंड पावसाकडे वळवलं. त्याचे डोळे ओले होते, आणि त्या संध्याकाळी वारा अजिबात नव्हता.