मेंढवाड्याच्या फळ्या

ही गोष्ट खरी आहे. बनवून सांगायची असती तर मी ती मध्यरात्री घडवली असती आणि कुत्रीही भुंकवली असती. पण ती घडली भर दुपारी. मार्च सरत आला होता, मेंढ्या विण्याचे दिवस. जागा आमच्या नारीन शहराच्या वर, आत-बाशी गावाच्या रस्त्याला.

माझ्या धाकट्या बहिणीचा, साइकालचा, नवरा एर्मेक घरांचे आराखडे काढतो. शहरातल्या लोकांना हल्ली डोंगरात येऊन साधं राहायचं असतं. फक्त त्या साधेपणात गरम पाणी लागतं. त्यांच्यासाठी त्याने एक विश्रामघर बांधलं. लांबट, बुटकं, पत्र्याच्या छपराचं, झरोक्याएवढ्या खिडक्यांचं. हुबेहूब मेंढवाडा.

तिथे पूर्वी मेंढवाडा होताच. एका हिवाळ्यात बर्फाने त्याचं छप्पर बसलं. आत व्यायला टेकलेल्या मेंढ्या होत्या.

एर्मेकने त्याच्या जुन्या फळ्या उचलल्या आणि नव्या खोलीत भिंतींना आतून ठोकल्या. कमरेच्या उंचीपर्यंत त्या काळ्या आणि गुळगुळीत. मेंढरांच्या पाठी घासून घासून झालेल्या.

पाहुण्यांआधी आपण राहून बघू, म्हणून तिघं तिथे गेली. तिसरी म्हणजे बेगिमाय, पाच महिन्यांची माझी भाची.

मी पीठ-साखर घेऊन पोहोचलो, तर साइकाल दारातच उभी. थोरल्या भावाला आमच्यात बाइके म्हणतात.

"बाइके, ही माझं पीतच नाही."

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून. पिळून टाकतेय मी. छाती दगड झालीय नुसती."

"रुसतात गं बाळं," एर्मेक आतून म्हणाला.

"रुसायला ती काय तुझी आई आहे?"

मी हसलो. मग पाळण्यात डोकावलो.

उपाशी बाळ असं नसतं. गाल भरलेले. डोळे सुखाने मिटलेले. आणि ओठांच्या कडेला काहीतरी ओलं...

पिवळसर. दाट.

बोटाला चिकटलं. हा वास आमच्याकडे कोणालाही कळतो.

चीक होता. नुकत्याच व्यालेल्या मेंढीचा.

"कळप कुठाय?" मी विचारलं.

"नदीपलीकडे," एर्मेक म्हणाला. "इकडे एक शेपूट नाही."

चहाला बसलो. विषय बदलावा म्हणून मी फळ्यांचं कौतुक केलं. जावईबापू खुलले.

"ही तेलूची कल्पना आहे, बाइके! पाहुण्यांना हेच सांगणार मी."

तेलू आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढायचं आणि पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचं. मेंढी हुंगते. आपलंच समजते. पाजते.

"नवं घर म्हणजे पोरकं कोकरूच," एर्मेक म्हणाला. "त्याला जुन्याचं कातडं घातलं. आता ही जागा त्याला आपलं म्हणेल."

साइकालने पेला खाली ठेवला.

"घराला म्हणेल? आणि कातड्याच्या आत कोण झोपतंय, एर्मेक?"

एर्मेक चहातली साखर ढवळत राहिला.

तेव्हा ते ऐकू आलं...

खस्स्...

भिंतीपाशी. कमरेच्या उंचीवर. काहीतरी जड, अंग घासत, सावकाश पुढे सरकत होतं.

"वारा," एर्मेक म्हणाला.

वारा सकाळीच पडला होता.

आवाज पाळण्यापर्यंत आला...

आणि थांबला.

बेगिमायने फळीकडे मान वळवली. तोंड उघडलं आणि चोखायला लागली. हवाच. पण मचमच ऐकू येत होती. मधूनमधून गिळल्याचंही...

साइकालने तिला ओढून काढलं. पोर अशी किंचाळली, जशी आईपासून तोडताना किंचाळावी.

दोघींना गाडीत बसवून आम्ही फळ्या उपटायला लागलो. मागे नवाकोरा पांढरा चुना होता.

म्हणजे, असायला हवा होता.

कमरेच्या उंचीवर त्याच्यावर एक काळा, तेलकट पट्टा पडला होता. लोकरीचे चार केस चिकटलेले. हात लावला...

कोमट.

"निघाल्या ना," एर्मेक धापा टाकत म्हणाला. "कातडं काढलं. संपलं."

तेलूत कातडं काढतातच. दोन-तीन दिवसांत मेंढीचं दूध कोकराच्या अंगात भिनतं आणि त्यालाच तिचा वास लागतो. मग कातड्याची गरज उरत नाही. एर्मेकही मेंढपाळाचाच नातू. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता ती तिघं नारीनमध्ये राहतात, चौथ्या मजल्यावर. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बेगिमाय रडत होती. साइकालने उचललं. नाक तिच्या टाळूला लावलं, मग मानेला, मग हळूहळू पाठीवरून खाली नेलं. आणि कोपराने तिला दूर ढकललं.

"हिला दुसरीचा वास येतो, बाइके. मी नाही घेणार."

मी हुंगून पाहिलं. साबणाचा वास होता. साबणाखाली...

जाऊ दे.

बेगिमाय बाटलीही तोंडात धरत नाही. एर्मेक रोज भरतो, रोज ओततो. परवा तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होतो. वजन उत्तम वाढलंय. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, त्यांनी साइकालची पाठ थोपटली.

"आई छान पाजतेय हं!"

साइकालने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"हो," ती म्हणाली. "छान पाजते ती."