पंधरावी फाइल

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची. ती थापा मारणाऱ्यांतली नाही आणि मी यात पदरचं काही घातलेलं नाही. पटलं तर घ्या.

रविवार होता. दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं ऑफिस, आणि बाकी सगळा मजला बंद.

ताई व्हिडिओ एडिट करते. बाहेरच्या खोलीत ती चित्र कापायची, आतल्या खोलीत मास्तर आवाज साफ करायचे. अकरा वर्षं. कितीही गोंगाट असो, त्यातून माणसाचा आवाज अलगद सोडवून काढण्यात मास्तरांचा हातखंडा.

खोड एकच. साफ केलेली फाइल ते प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायचेच नाहीत. ती त्यांच्या मशीनवरच कुठेतरी पडून राहायची.

"मास्तर, उद्या तुमचं मशीन बसलं तर मी काय करू?" ताई करवादायची.

"मी आहे ना," ते म्हणायचे.

मार्चमध्ये मास्तर गेले. झोपेतच. त्यांच्या बायकोने मशीनमधलं सगळं पुसून ते कुणालातरी देऊन टाकलं. आतली खोली रिकामी झाली.

मग ताई एकटीच. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. डबासुद्धा कीबोर्डसमोरच.

सहा महिन्यांनी एक निवृत्त पोस्टमन आले.

"आमच्या हिच्या साठीला तुम्ही हिची मुलाखत घेतली होती. माझ्याकडची प्रत खराब झाली," ते म्हणाले. "ही आता नाही. जरा आवाज ऐकायचा होता."

ताईने प्रोजेक्ट उघडला. बाई हसत होत्या, ओठ हलत होते...

आवाज नव्हता.

आवाजाच्या चौदाच्या चौदा पट्ट्या लाल. फाइल सापडत नाही. मूळ रेकॉर्डिंग होतं, पण त्यात कूलरची एवढी घरघर की शब्द कळेना.

"सोमवारी या," ताई म्हणाली. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

म्हणून ती रविवारी आली होती. सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. काही नाही. शेवटी थकून आतल्या खोलीकडे पाहत ती सहज बोलून गेली,

"मास्तर, कुठे ठेवलंत हो?"



मग आत... खुर्ची सरकली.

त्या खोलीत आता खुर्ची नव्हती.

ताईला उठवेना. मान वळवायचीही छाती होईना. ती स्क्रीनकडेच बघत राहिली.

एक पट्टी हिरवी झाली.

मग दुसरी...

एकेक करत चौदा.

फाइल कुठून आल्या ते तिने पाहिलं. प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये होत्या. तारीख आजची. वेळ, तीन वाजून अकरा मिनिटं.

तिने पहिली लावली. कूलर गायब. बाई स्वच्छ आवाजात सांगत होत्या, "ह्यांना साधं दाराला कडी लावायचं लक्षात राहत नाही. माझ्यामागे घराचं कसं व्हायचं?"

ताईला रडू फुटलं.

डोळे पुसून तिने पाहिलं, तर फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती.

पंधरावी.

तिने लावली. आधी कीबोर्डची टकटक. एक उसासा. मग तिचाच आवाज... "मास्तर, कुठे ठेवलंत हो?"

आणि मग सात सेकंद काहीच नाही.

आवाजातलं ताईलाही थोडंफार कळतं. रिकाम्या खोलीचासुद्धा आवाज असतो. बारीक गुणगुण, हवेची हालचाल. त्या सात सेकंदांत तेही नव्हतं. तिथे काहीतरी होतं, आणि कुणीतरी ते सफाईने कापून काढलं होतं.

सोमवारी पोस्टमन आले. मुलाखत दोनदा ऐकली, पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून नेला. ताईने त्यांना काही सांगितलं नाही.

मला सांगितलं. ती फाइलही ऐकवली. हेडफोन काढल्यावर मी म्हटलं, "ताई, हे पुसून टाक. ऑफिस बदल."

"बदलून कुठे जाऊ?" ती म्हणाली. "इथे निदान कुणीतरी ऐकतं."

परवा तिच्याकडे गेलो होतो. दार लोटलेलंच होतं. ताई आतल्या खोलीकडे तोंड करून दिवसभराच्या कामाचं काहीबाही सांगत होती. मधेच थांबायची. मान हलवायची. मग पुढचं बोलायची.

मी हाक न मारताच जिना उतरलो.