मेलेल्या खुंटांची मोजणी

"अकराला मशीन येणार, आणि तू खुंटाला नखं मारत बसलीयेस?" दादा म्हणाला.

"साल खरवडतेय. बघ तरी."

हातात सतत भिंग असायचं, म्हणून मावशीकडच्या सुट्टीत तिचं नाव भिंगच पडलं होतं. राखाडी सालीखाली ओला हिरवा पट्टा चमकत होता.

वनखात्याच्या मोजणीत, कागदावर, हा उतार ओसाड होता. आज मशीनने खुंट उपटायचे, खड्डे खणायचे आणि मावशीच्या रोपवाटिकेतली चार हजार रोपं लावायची. मावशीने ती वर्षभर पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. भिंगने पुन्हा एकदा साल खरवडून बघितली.

"जिवंत आहे, तर पानं कुठायत?" धाकट्या चिमणीने विचारलं.

भिंग पालथी पडून शोधू लागली. बोटभर धुमारे होते, सगळे एकाच उंचीवर कुरतडलेले.

"शेळ्या," ती म्हणाली. "फुटलं की खातात. तरी हा फुटतोच आहे."

दादाने माती उकरली. दंडाहून जाड मूळ खडकाच्या फटीत शिरलं होतं. त्याने फटीत हातभर काठी घातली, तळ लागेना.

"आजोबा शाळेत होते, तेव्हा इथली झाडं तोडली," तो हळूच म्हणाला.

वर काहीच नव्हतं. पायाखाली मात्र अख्खं जंगल तग धरून होतं, इतकी वर्षं, कुणाला न सांगता. तिघं नकळत चवड्यांवर उभी राहिली.

मग दोरीने दहा मीटरचा चौकोन आखला. अकरा खुंट, नऊ जिवंत. पुढचा चौकोन, त्याच्या पुढचा. रोपवाटिकेत लाल फीत बांधलेल्या झाडाला कुणी हात लावत नसे. चिमणी पळत जाऊन फितीचं रीळ घेऊन आली.

मशीन आलं, तेव्हा उतारावर एकशे बारा लाल फिती फडफडत होत्या. मशीनवाल्या काकांनी इंजिन बंद केलं. "फितीला मी शिवत नाही बाबा. मागे एकदा तोडली, तर तुमची मावशी आठवडाभर बोलली नाही."

मागून जीप आली. वनअधिकारी, मोजणीदार आणि मावशी उतरले.

"कुणाचा हा पोरखेळ?" मोजणीदार गरजले.

"काका, मोजणी कुठून केलीत?" भिंगने विचारलं.

"समोरच्या रस्त्यावरून. चांगली दुर्बीण होती."

"तिथून धुमारे गवतच वाटणार."

अधिकारी गुडघ्यांवर बसले. एक खुंट खरवडला, दुसरा, तिसरा. सगळे हिरवे.

भिंगला मावशीकडे बघवेना. "मावशी, तुझी रोपं..."

मावशीने उकरलेल्या मुळावरून हात फिरवला. "एवढं खोल जायला माझ्या रोपांना तीस वर्षं लागली असती," ती म्हणाली. "रोपं खालच्या ओघळीत लावू, तिथे एकही खुंट नाही. इथे फक्त शेळ्या अडवायच्या. तीन पावसाळ्यांत सावली धरेल हा उतार. माती धरेल, पाणी धरेल, हवेतला कार्बनही ओढून घेईल."

"मोजणीदार, वही मुलांकडे द्या," अधिकारी म्हणाले. "मी दोरी धरतो."

"आणि मी?" मोजणीदारांनी विचारलं.

"तुम्ही शेळ्या हाका."

दादा खो खो हसला. अधिकारी मात्र अजून मुळाकडेच बघत होते.

"वीस वर्षं झाडं लावतोय मी," ते भिंगला म्हणाले. "पण असं पोटावर पडून बघायचं कधी सुचलं नाही. सरक जरा."

आणि इस्त्रीच्या गणवेशासकट ते तिच्या शेजारी मातीत पालथे झाले.