माणशी पाच सेकंद

"चिठ्ठी?" औषधांच्या खिडकीतून हात पुढे आला.

"चिठ्ठी नाही, स्टॉपवॉच आहे," मी म्हणाले. "मी रांगा मोजते."

"बरं झालं! आम्हाला तर मान वर करायलाही फुरसत नसते," तो हसला... आणि मी आकडा लिहायला विसरले.

रुग्णालयात केसपेपर, तपासणी, औषधं अशा तीन रांगा. एकीतून सुटलेला माणूस दुसरीत अडकतो. गर्दी कुठे तुंबते ते शोधून अहवाल देणं हे माझं काम. पंधरा दिवस मी त्याच्या खिडकीसमोर खांबाला टेकून उभी होते. तो गोळ्या देताना मान वर करायचा, मी वहीत तोंड खुपसायची.

गुरुवारी प्राथमिक अहवाल दिला: औषधवाला संथ आहे. अधीक्षकबाईंनी सोमवारपासून त्याला तळघरातल्या गोदामात धाडायचं ठरवलं. मी बेरीज पुन्हा दोनदा करून पाहिली, पण आकडे ते आकडे.

शुक्रवारी मी तापानं फणफणले, म्हणून शेवटची मोजणी धाकट्या बहिणीनं केली.

"ताई, रांग निम्मीच होती गं. आणि तो विचारत होता, आज त्या आल्या नाहीत का?"

मी ताडकन उठून बसले. दर शंभर सेकंदांना साधारण एक माणूस येतो. बहिणीच्या नोंदीत त्याला माणशी नव्वद सेकंद लागले होते. मी समोर असले की पंचाण्णव. पाचच सेकंद! पण खिडकीला आधीच उसंत नसली, की तेवढ्यानंही रांग दुप्पट होते. ते सेकंद कुठे जात होते, हे मला चांगलंच ठाऊक होतं. लाज वाटली, आणि खरं सांगते, आनंदही झाला.

पण माझ्यापायी त्याची खिडकी जाऊ द्यायची नाही, हे पक्कं. सोमवारी आठच्या ठोक्याला मी अधीक्षकबाईंसमोर हजर.

"चूक माझ्या मोजणीत आहे. मी समोर नसले की ते मुळीच संथ नसतात."

"आणि असलात की?"

"...माझ्याकडे बघतात."

बाईंनी चष्मा काढला. "हे लेखी द्याल?"

"सहीनिशी!"

लिहून दिलं आणि तडक खिडकी गाठली. तो सामान आवरत होता.

"राहू द्या ते. तुम्ही इथंच राहताय. मी मात्र उद्यापासून खांबापाशी उभी राहणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "का?"

"माणशी पाच सेकंद जातात."

तो कानापर्यंत लाल झाला.

"एक ते दीड खिडकी बंद असते," तो हळूच म्हणाला. "तेव्हा रांग नसते..."

"आजपासून असेल – एकाच माणसाची," मी म्हणाले. "आणि तिला घाई नाही."