मक्याचं आठवं पोतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मध्ये फिदीफिदी केलेलं मला चालणार नाही. चोवीस वर्षं मी आमच्या उकांबानी मुलुखाच्या टेकड्यांमध्ये सरकारी सळई घेऊन हिंडलो. पोकळ सळई पोत्यात खुपसायची, मूठभर मका काढायचा, पिशवीवर घरमालकाचं नाव लिहून तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्यायचा. भुतंबितं माझ्या कामात नव्हती. बुरशी होती.

त्या साली दोन दुष्काळांनंतर पीक आलं होतं आणि चोर शेतंच्या शेतं साफ करत होते. म्हणून लोकांनी कणसं ओलीच तोडली, आणि अंगणातली कणगी रिकामी ठेवून पोती झोपायच्या खोलीत खाटेशेजारी रचली. मका चोरापासून वाचला. पण बंद खोलीत, पत्र्याच्या उकाड्यात, दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरली. बायकांनी दाणे धुतले, उन्हात वाळवले, भुकटी गेली, मका कसा लखलखीत! बुरशी धुतली तरी तिचं विष दाण्यात राहतं, तासभर रटरट शिजवलं तरी जात नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? डोळे पिवळे होऊन माणसं मरायला लागली. एका चुलीवर जेवणारीच मरतात हे पाहून गाव म्हणालं, करणी आहे.

माझा मेहुणा मुसेंबी त्यातच गेला. त्याला घराच्या कडेला पुरून नऊ दिवस झाले होते, तेव्हा मी बहिणीच्या दारात उभा राहिलो. भर दुपार होती.

"आलास? सळई आणलीस ना?" कासिवा म्हणाली. "बहिणीकडे यायला तुला सरकारी कागद लागतो."

"आठही पोती न्यायची आहेत, कासिवा. नमुन्यात विष निघालंय."

"आणि आम्ही काय खायचं? तुझी सळई?"

मी आत गेलो. खोलीत कोंदट, गोडसर वास होता, ओल्या घोंगडीचा असतो तसा. सात पोती भिंतीला रचलेली. आठवं खाटेवर आडवं घातलेलं, आणि त्याला पाठ टेकून माझी भाची काटुंगे पडली होती. सहा वर्षांची पोर.

"हळू बोल ना मामा," ती कुजबुजली. "बाबा झोपलेत."

मी पोत्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. ते गरम होतं. पांघरुणात झोपलेल्या माणसाचं अंग असतं, तेवढंच.

मी शिकलेला माणूस, लागलो समजावायला. म्हटलं, बाळा, ओल्या मक्यात बुरशी असते. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक, पण जिवंत. ती दाणे खाते, श्वास घेते, म्हणून पोतं तापतं.

"म्हणजे श्वास घेतात ना बाबा?" पोर म्हणाली.

सात पोती माझ्याबरोबर आलेल्या माणसांनी उचलली, खड्ड्यात टाकली, वर चुना ओतला. आठव्याला हात लावला तेव्हा काटुंगेनं असा टाहो फोडला की उचलणारेच मागे सरले. कासिवानं माझे पाय धरले. "उद्या ने, दादा. आजचा दिवस तिला बापाजवळ राहू दे. मी एक दाणा शिजवणार नाही, तुझी शपथ."

नियम मला पाठ होता. तरी मी विरघळलो. पोत्याचं तोंड तारेनं शिवलं, त्यावर माझ्या आकड्याचं शिशाचं सरकारी सील ठोकलं, माझ्या डब्यातली रताळी त्यांना दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदलीचा चांगला मका घेऊन आलो. कासिवा उंबऱ्यावर बसली होती. घागर भरलेली, शेजारीच.

"दादा... मी नाही केलं. मी नदीवर गेले होते. आले तर चूल पेटलेली... आणि ही जेवत होती."

काटुंगे चुलीपाशी बोटं चाटत होती. ताटलीत मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली, अर्धी उरलेली, वाफ निघत होती तिच्यातून.

"कुणी दिलं गं तुला?"

"बाबांनी. भूक लागली होती मला."

मी खोलीत धावलो. तार जशीच्या तशी. सील शाबूत, आकडा माझाच. पोत्याला कुठे भोक नाही. पण ते अर्धं रिकामं झालं होतं, आणि थंडगार पडलं होतं.

मी बहिणीवर तुटून पडलो. खोटारडी म्हणालो, पोरीच्या जिवावर उठलेली म्हणालो. तिनं नुसते तळवे पुढे केले. तळव्यांवर पिठाचा कण नव्हता.

पाचव्या दिवशी दवाखान्यात पोर गेली. शेवटी डोळ्यांत पांढरं उरलंच नव्हतं, सगळं पिवळं. चुलीवर कोण बसलं होतं ते मला ठाऊक नाही. पण ते पोतं घरात ठेवलं मी. मी मारलं तिला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज तुला सांगतोय.

उरलेली उगाली मी त्याच दुपारी फडक्यात बांधून प्रयोगशाळेत दिली होती. पोरीला पुरून आल्यावर तिथे गेलो. मुंबुआ, आमची तपासनीस, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती.

"मुएमा, हे शिजलेलं होतं?" तिनं वर न बघताच विचारलं.

"वाफ निघत होती म्हणतो ना."

"मग बुरशी मेलेली हवी. शिजवल्यावर विष उरतं, बुरशी नाही उरत. ही... ही वाढतेय."

मी भिंगाला डोळा लावला. बारीक बारीक दांडे, प्रत्येकाच्या टोकाला गोल डोकं. वाऱ्यावर कलावीत तशी सगळी डोकी एकाच बाजूला कललेली. खोलीत वारा नव्हता. मी घाबरून बाजूला झालो, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेलो. मुंबुआ पुन्हा वाकली.

तिनं भिंग पुन्हा जुळवलं.

"मुएमा," ती म्हणाली, "जरा दाराकडे जा बरं."

मी गेलो.

"आता परत खिडकीकडे... हळू."

मी परत आलो. तिनं भिंगावरून डोळा काढला नाही.

"तू जातोस तिकडे वळतायत ती."