लाल पट्टी मागे कशी?

"पोटातून बोल गं! गळ्यातला आवाज पहिल्या खुर्चीशीच दमतो!"

ताईंचं हे ओरडणं मिरचीनं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ती पहिलीत होती आणि नाटकात झुडूप झाली होती. झुडपाला संवाद नव्हता, तरी ताईंनी तिला पोटातून सळसळायला लावलं होतं. दर सुट्टीत वस्तीतली पोरं गोळा करून नाटक बसवणाऱ्या त्याच ताई आज सभागृहाच्या पायरीवर मुकाट बसल्या होत्या. मागे दाराला कुलूप होतं.

"नाटक बंद! ताईही बंद!" मिरचीचा दोस्त पोपट धुसफुसला.

काल तालीम सुरू होताच छोट्या खारूनं रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यावरून उडी मारली, आणि चौथराच सरकला. खारूचा पाय मुरगळला. "पोरांना माकडउड्या शिकवतात!" वस्तीच्या समितीचे अध्यक्ष गरजले. "यापुढे ताई नकोत!" शेजारी समितीचे चिटणीस उभे होते. ते मिरचीचे बाबा. त्यांनी नुसती मान खाली घातली.

मिरची रात्रभर धगधगत होती. "तालीम संपली की ताई चौथऱ्याची कडी स्वतः ओढून बघतात. तो सरकेलच कसा? चल, आत जाऊ!"

"कुलूप आहे."

"खिडकीला नाही!"

मेकअपच्या खोलीच्या खिडकीतून मिरची सरकन आत उतरली. पोपट मधेच अडकला. "ओढ ना!" "सकाळी कमी गिळायचं होतंस!" शेवटी तो धपकन पडला.

चौथरा कालच्यासारखाच तिरका पडला होता. मिरचीचा हात पोपटाच्या खांद्यावर घट्ट बसला.

"लाल पट्टी बघ!"

कोणी कुठे उभं राहायचं, यासाठी ताई प्रत्येकाच्या रंगाची चिकटपट्टी लावत. खारूची लाल, चौथऱ्याच्या पुढच्या कडेला. आता ती मागच्या पडद्याच्या बाजूला गेली होती.

"खारू काय भिंतीला नाटक दाखवणार होती?" पोपट म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "काल ती म्हणाली होती, माझी पट्टीच सापडत नाही. आपण हसलो!"

मिरचीनं वाकून पाहिलं. शेजारच्या चौथऱ्यात अडकवायची कडी मोकळी लोंबत होती. "कुणीतरी चौथरा काढला, उलटा ठेवला आणि कडीही लावली नाही. परवा इथं समितीचा सत्कार होता."

"पण आम्ही कशाला हात लावला नाही, असं अध्यक्षच म्हणाले!"

"मग त्यांच्याच तोंडून ऐकू! ताई नाटक बसवतात ना? आता आपण बसवू!"

दुसऱ्या दिवशी निरोप गेला: मुलांना माफी मागायची आहे, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. अध्यक्ष खुशीत कुलूप उघडायला आले, सोबत बाबा. पालक जमले. पोपटानं ताईंना हाताला धरून आणलं. मुलांनी आधीच खिडकीतून आत जाऊन चौथरा अगदी कोपऱ्यात, मागच्या पडद्याला लागून कडी लावून ठेवला होता.

"काका, त्यावर उभं राहून बोला ना!" मिरची गोड आवाजात म्हणाली. दात मात्र आवळलेले होते.

"इतक्या कोपऱ्यात? मी काय लपाछपी खेळतोय? अहो चिटणीस, सत्काराला घेतला होता तसा मध्ये ओढा की! कडी काढली की येतो लगेच!"

बाबांचा हात कडीपर्यंत जाऊन थबकला.

"म्हणजे हात लावला होता तर!" पोपट ओरडला. "शिवाय उलटा ठेवलात, कडीही लावली नाहीत!"

खारूची आई ताडकन उठली. "आणि मी ताईंना नाही नाही ते बोलले!"

अध्यक्ष ओशाळून हसले. "भलतीच चलाख पोरं! शाब्बास! चला, झालं ते झालं."

"नाही झालं!" मिरचीचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "आम्हाला शाबासकी नको! ताईंना चोरासारखं पायरीवर बसवलंत! खारूला लागलं! त्याचं काय?"

"अगं, मोठ्यांशी असं..."

"बोलू द्या तिला," बाबा म्हणाले.

ते रंगमंचावरून उतरले. खुर्च्यांमधून चालत ताईंसमोर गेले. लेकीकडे पाहण्याचं त्यांचं धाडस होईना.

"परत ठेवताना घाई होती. कडी मीच लावली नाही, ताई. पोर पडली त्याच क्षणी मला ते कळलं होतं. तरी तुम्हाला बोल लागत असताना मी गप्प उभा राहिलो."