दोन यंत्रांमधलं अंतर

"अहो, उतरा खाली! डिश फिरली तर उडून पडाल!"

मी ओरडले, तशी माझ्या रेडिओ-दुर्बिणीच्या चौथऱ्यावरची छत्री दचकली. गंमत म्हणजे ती त्या माणसाच्या डोक्यावर नव्हतीच. मोजणीच्या यंत्रावर धरली होती, आणि स्वारी स्वतः नखशिखांत भिजलेली!

"मी पलीकडचा लेसरवाला," तो हसला. "ढग आले की आमचं दुकान बंद. म्हटलं, तुमच्या-आमच्यातलं अंतर तरी मोजावं."

कमालच! एकाच आवारात काम करायचो, आणि हा मला आज दिसत होता...

पृथ्वीचा ध्रुव भारी चंचल, वर्षभर थोडाथोडा भटकतो. माझी डिश अंतराळातल्या रेडिओ लहरी ऐकून त्याचा माग काढते, त्याचा लेसर उपग्रहांवर प्रकाश पाडून. दोन यंत्रांमधलं अंतर धरून दोन्ही उत्तरं एकत्र केली की ध्रुवाची नेमकी जागा कळते. यंदा मात्र ती जुळेनात, आणि मुख्य कार्यालयाने खापर माझ्या डिशवर फोडलं. ती बंद होणार होती. माझं इथलं कामही.

"चूक माझीच असणार," मी म्हणाले.

"कशावरून? दोन यंत्रांमधलं जुनं अंतर सगळे डोळे झाकून वापरतात. ही काठी धरा. सरळ... काठीकडे बघा, माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे कोण बघतंय!"

बघत होते की!

आम्ही मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्याने दोन्हीकडची उंचीही ताडून पाहिली. लेसरखालचा खांब किंचित खचला होता – त्याचाच खांब! गुपचूप छत्री मिटून निघून गेला असता, तर मला काय कळणार होतं? पण त्याने तिथेच फोन लावला.

"डिश बरोबर आहे, साहेब. चूक आमच्याकडची. लेसर बंद करतोय."

"अहो, आता तुम्हाला दुसरीकडे पाठवतील!"

"नवा खांब होईपर्यंत. मग येईन की."

माझे डोळे भरून आले. डिश वाचली होतीच, पण 'मला जमत नाही' हे मनातलं ओझंही त्याने उतरवलं होतं. आभार मानायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं –

"मला तू आवडतोस. लवकर ये."

त्याच्या हातातली छत्री खाली पडली. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "मलाही... म्हणजे, तू. हेही फोन करून कळवू?"

"नको," मी म्हणाले. "माझ्या आईला मीच सांगते."